जागा देण्याची विद्या

रात्रीचे दहा वाजलेले असतात. दुकान बंद होऊन तास उलटलेला असतो, रोजमेळ लिहून झालेला असतो आणि घरातील वडीलधारी मंडळी प्रतिक्रमण आटोपून निजण्याच्या तयारीत असतात. एका खोलीत मात्र दिवा जळत राहतो. जमिनीवर माउंटबोर्डाचे तुकडे, कटर, पोलादी पट्टी, गोंदाची बाटली आणि ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या पसरलेल्या असतात. त्या पसाऱ्यात बसून घरातील मुलगी वीतभर उंचीचे एक घर उभे करीत असते. दुसऱ्या दिवशी ती ते महाविद्यालयात घेऊन जाते. संध्याकाळी परत आणते तेव्हा त्याचे छप्पर उचकटलेले असते, एक भिंत काढून टाकलेली असते आणि सोबतच्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा असतात. आजोबा विचारतात, "गुण किती मिळाले, बेटा?" तिला उत्तर देता येत नाही, कारण गुण मिळालेलेच नसतात. "पुन्हा करून आण," एवढेच तिला सांगण्यात आलेले असते.

ज्या व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी वास्तुकला, अंतर्गत सजावट किंवा डिझाइन या शाखांकडे वळली आहे, त्या घराला हे दृश्य अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगरात २०१९ साली स्थापन झालेल्या एमजीएम विद्यापीठात वास्तुकला आणि डिझाइन या दोन्ही शाखांचे शिक्षण उपलब्ध आहे. या शिक्षणासाठी पुणे-मुंबईचाच रस्ता धरला पाहिजे, असे आता राहिलेले नाही. मात्र शिक्षण गावात आले तरी त्याची रीत घरात पोहोचलेली नाही. सनदी लेखापालाची परीक्षा घराला कळते. पेपर असतो, गुण असतात, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल असतो. येथे पाच पाच आठवडे एकच नकाशा चालतो, तो फाडला जातो, पुन्हा काढला जातो. मूल मागे पडते आहे काय, पैसा आणि वर्षे वाया जात आहेत काय, अशी शंका घरात शिरते. मग दुसऱ्या वर्षाच्या सुमारास "सोडून दे, दुकानात ये" असा सूर निघू लागतो. तो सूर धरण्यापूर्वी ही रीत एकदा समजून घेणे आवश्यक आहे.

अवगाह आणि आराखडा

इंग्रजीत ज्याला 'स्पेशल डिझाइन' म्हणतात त्याला मराठीत अवकाश-रचना म्हणता येईल. वास्तुकला, अंतर्गत रचना, प्रदर्शनाची मांडणी, बाग, चौक, दुकान, रुग्णालयातील प्रतीक्षागृह हे सारे तिच्या कक्षेत येते. भिंती, खांब आणि छप्पर ही तिची साधने आहेत. तिचा विषय मात्र त्यांच्या मधली मोकळी जागा हा आहे.

जैन वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. सहा द्रव्यांपैकी आकाश हे एक द्रव्य, आणि त्याचे कार्य अवगाह, म्हणजे इतर सर्व द्रव्यांना सामावून घेणे, त्यांना जागा देणे. अवकाश-रचना हेच काम माणसाच्या मापाने करू पाहते. कोणाला जागा द्यावयाची, किती द्यावयाची आणि ती कोठे द्यावयाची, हा तिचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुस्तकात छापलेले मिळत नाही, म्हणूनच हे शिक्षण व्याख्यानापेक्षा स्टुडिओवर अधिक चालते.

स्टुडिओ म्हणजे मोठमोठी टेबले मांडलेला एक हॉल. वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीत दहा सत्रे असतात. त्यांतील एक सत्र प्रत्यक्ष कार्यालयात प्रशिक्षण घेण्याचे असते, आणि बहुतेक सर्व सत्रांच्या मध्यभागी स्टुडिओचा एक प्रकल्प असतो. पहिल्या वर्षी एखादी छोटी खोली किंवा बसथांबा, पुढे घर, शाळा, बाजार आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला प्रबंध-प्रकल्प. बांधकामाचे साहित्य, इमारतीचा तोल, हवामान, वास्तुकलेचा इतिहास हे विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात खरे, पण त्यांची कसोटी लागते ती या प्रकल्पात. शिक्षक एकेका टेबलापाशी येऊन बसतो, विद्यार्थ्याच्या नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवतो आणि पेन्सिलीने बोलू लागतो. सत्राच्या शेवटी 'ज्युरी' भरते. बाहेरचे वास्तुतज्ज्ञ येतात, विद्यार्थी भिंतीवर नकाशे टांगून आपली बाजू मांडतो, आणि सर्वांच्या देखत त्याला प्रश्न विचारले जातात.

व्यापारी घराने ही रीत दुसऱ्या नावाने पाहिलेली आहे. दुकानदारी कोणी वर्गात शिकवली नव्हती. मुलगा आजोबांच्या शेजारी गादीवर बसला. आधी माल तोलला, मग रोजमेळ आणि खतावणी लिहिली, मग एके दिवशी ग्राहकाशी बोलण्याची परवानगी मिळाली. तो चुकला की आजोबांनी तिथेच थांबवले, चूक दाखवली आणि पुन्हा करावयास लावले. तेव्हाही गुण कोणी दिले नाहीत. फरक इतकाच, की पेढीवरच्या चुकीची किंमत रोख मोजावी लागे, आणि स्टुडिओतील चूक एका कागदावर भागते.

एका विहारधामाची गोष्ट

ही पद्धत कशी काम करते हे पाहण्यासाठी एक प्रकल्प कल्पून पाहू. समजा, सत्राच्या पहिल्या दिवशी विषय मिळाला की शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, म्हणजे एका सकाळच्या विहाराच्या अंतरावर, रस्त्यालगतच्या जमिनीवर विहारधाम बांधावयाचे आहे.

विद्यार्थिनी जैन घरातील असली, तर तिला विषय सोपा वाटतो. आठवड्यात ती नकाशा आणते. संगमरवरी कमान, पुढे हिरवळ, मध्ये हॉल, दोन बाजूंना खोल्या आणि चकचकीत काळ्या ग्रॅनाइटची फरशी. शिक्षक नकाशाकडे फारसे पाहत नाही. तो एवढेच विचारतो, "येथे जे उतरणार ते पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करतात, ते तासागणिक लिहून आण."

मग ती स्थानकात जाते, उपाश्रयात जाते, दिगंबर मंदिरात जाते. लहानपणापासून जे पाहिले होते तेच आता वही घेऊन पाहते. महाराजसाहेब दिवा लावत नाहीत, पंखा चालवत नाहीत. तेव्हा उजेड आणि वारा यांची सारी जबाबदारी खिडकीवर येते. ते अनवाणी चालतात. तेव्हा फाटकापासून ओसरीपर्यंतची फरसबंद वाट एप्रिल-मे महिन्यांत पाय भाजणारी ठरते, आणि तिच्यावर सावली हवी. हिरव्या गवतावर पाऊल ठेवणे त्यांना वर्ज्य. तेव्हा ज्या हिरवळीने नकाशा शोभिवंत झाला होता तीच वाटेतला अडथळा ठरते. पाऊल टाकण्यापूर्वी, बसण्यापूर्वी जमीन निरखली जाते, रजोहरणाने किंवा पिच्छीने हळुवार पुंजली जाते. काळ्या ग्रॅनाइटवर मुंगी दिसत नाही. म्हणून फरशी फिकट रंगाची आणि घट्ट सांध्यांची हवी. परठवण्यासाठी कोरडी, जीवजंतूरहित मोकळी जमीन जवळच हवी. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात, आणि त्यासाठी श्रावक दारासमोर कलश घेऊन पडगाहनासाठी उभे राहतात. म्हणजे दारापुढे दोन-चार कुटुंबे उभी राहू शकतील आणि येणाऱ्या मुनींना ती दुरून दिसतील, एवढी ऐसपैस जागा हवी. साधू आणि साध्वी यांच्या उतरण्याची व्यवस्था निरनिराळी हवी.

दुसरा नकाशा येतो. आता शिक्षक उभा छेद, म्हणजे 'सेक्शन', मागतो. इमारत सुरीने वरून खाली कापल्यावर आत जे दिसेल ते चित्र. त्यात माणूस काढावा लागतो, आणि तो काढताच एक चूक उघडी पडते. खिडकीचा उंबरठा नेहमीच्या सवयीने जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर ठेवलेला असतो. खुर्चीवर बसणाऱ्याला तो चालतो. जमिनीवर किंवा पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे मात्र जमिनीपासून साधारण ७५-८० सेंटीमीटरवर असतात. म्हणजे स्वाध्यायाला बसलेल्या साधूला खिडकीतून झाड दिसणार नाही आणि वारा त्याच्या डोक्यावरून निघून जाईल. उंबरठा ४५ सेंटीमीटरवर उतरवावा लागतो.

मग सूर्याचा हिशेब. छत्रपती संभाजीनगर साधारण २० अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी येथे सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो ७० अंशांवर चढतो, आणि जूनमध्ये डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेच्या भिंतीला एक मीटर रुंदीचा छज्जा दिला, तर विषुवदिनी दुपारी त्याची सावली भिंतीवर सुमारे पावणेतीन मीटर खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात तीच सावली जेमतेम एक मीटर उतरते आणि थंडीचे ऊन खोलीत येऊ देते. पश्चिमेच्या भिंतीवर हा उपाय चालत नाही, कारण तेथे दुपारनंतरचे ऊन आडवे येते. तेथे खोल ओसरी हवी, झाडी हवी, नाहीतर खिडक्याच कमी हव्यात. हे सारे करण्यास विजेचा एक युनिटही लागत नाही. जे दिवा लावत नाहीत त्यांच्यासाठी केलेला हा विचार मग कोणत्याही घराचे वीजबिल कमी करणारा ठरतो.

तिसऱ्या नकाशाच्या वेळी सर्वांत कठीण प्रश्न पुढे येतो, आणि तो बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या श्रावकाकडून येतो. साधूंसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली वास्तू साधूंना कल्पत नाही. इतरांसाठी असलेल्या जागेत त्यांनी काही काळ उतरावे, अशी मर्यादा आहे. मग विहारधाम बांधावयाचे कोणासाठी? येथे पहिला नकाशा मुळापासून कोसळतो. इमारत आधी श्रावकांची व्हावी लागते, म्हणजे स्वाध्यायगृह, जवळच्या खेड्यातील मुलांची अभ्यासिका, वाटसरूंची विश्रांतीची ओसरी. वर्षभर तिचा वापर या सर्वांनी करावयाचा आणि विहाराच्या दिवशी संतांना तेथे जागा मिळावयाची. 'महाराजांसाठी खोल्या' हे शीर्षक नकाशावरून पुसले जाते. कुलूप लावून वर्षातील बरेच दिवस रिकामी राहणारी वास्तू आणि रोज वापरात असलेली वास्तू यांतील अंतर विद्यार्थिनीला येथे समजते. ज्युरीसमोर ती उभी राहते तेव्हा तिच्या हातात चौथा किंवा पाचवा नकाशा असतो. आधीचे सारे फाटलेले कागद त्या एका कागदात जमा असतात.

प्रतिक्रमण आणि ज्युरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही आपली चूक दुसऱ्यांच्या देखत मान्य करणे आणि तीच चूक पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, ही शिस्त दोन्हीकडे लागते. ज्या घरात रोज क्षमायाचना होते, त्या घराला तांबड्या पेन्सिलीचे भय वाटण्याचे कारण नाही.

वेरूळ: जेथे चूक पुसता येत नाही

या विषयाच्या विद्यार्थ्याला या शहरात राहण्याचा एक लाभ असा आहे, की त्याचा सर्वांत जुना वर्ग अवघ्या तीस किलोमीटरवर आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास ती कोरली गेली. १९८३ साली वेरूळचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. दर्शनासाठी आणि सहलीसाठी जैन कुटुंबे तेथे नेहमीच जातात. विद्यार्थी मात्र तेथे मोजपट्टी आणि वही घेऊन जातो.

३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत शिरताना आधी एक कोरीव दार लागते आणि मग एकदम मोकळे अंगण. अंगणाच्या मध्यभागी अखंड पाषाणातील छोटे मंदिर, ज्यात जिनप्रतिमा चारी दिशांना मुख करून आहेत. एका बाजूला दगडी हत्ती, दुसऱ्या बाजूला मानस्तंभाची जागा. समवसरणाचे वर्णन ज्याने ऐकले आहे त्याला त्या मांडणीचा अर्थ सांगावा लागत नाही. मध्यभागी देशना आणि चहूबाजूंनी श्रोते, कोणीही पाठीमागे नाही. खालच्या मजल्यावरील काम साधे आहे. जिना चढून वर गेले की दाट कोरीव खांबांचे सभागृह उलगडते. हत्तीवर बसलेला यक्ष आणि आम्रवृक्षाखालची अंबिका तेथे भेटतात. त्या यक्षालाच पूर्वी लोकांनी इंद्र मानले आणि लेण्याला हे नाव पडले. अंधार, उजेड आणि पुन्हा अंधार या क्रमाने चालणाऱ्याचे मन शांत होत जाते. हा क्रम कोणीतरी आधी योजला होता, हे विद्यार्थ्याला तेथे उभे राहिल्यावर कळते.

त्याहून मोठा धडा कोरण्याच्या पद्धतीत आहे. विटांच्या बांधकामात भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. कातळात एकदा छिन्नी चालली की काढलेला दगड परत लावता येत नाही. म्हणजे खांब कोठे ठेवावयाचा, अंगण किती खोल न्यावयाचे, हे सारे आधी मनात नक्की झालेले असले पाहिजे. ३० क्रमांकाचे लेणे छोटे कैलास म्हणून ओळखले जाते. १६ क्रमांकाच्या भव्य कैलास लेण्याच्या धर्तीवर, लहान आकारात ते कोरलेले आहे. पूर्वसूरींचे काम पाहणे, त्याचे माप आपल्या गरजेला बेतणे आणि मग हात घालणे, ही रीत तेव्हाही होती. आज स्टुडिओत तिलाच 'केस स्टडी' म्हणतात.

विद्यार्थ्यांनी या जिल्ह्यात येऊन शिकण्याची परंपराही जुनी आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. त्यांतील पुष्कळ प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. परंतु लेण्यातील मंद उजेडात वर्षानुवर्षे बसून ज्यांनी डोळा तयार केला, त्या विद्यार्थ्यांचे शिक्षण त्या आगीत जळाले नाही.

दुकानही एक पाठ आहे

शिकण्याची सारी स्थळे इतकी प्राचीन असण्याची गरज नाही. गुलमंडी, सराफा, शहागंज या जुन्या बाजारपेठांतील दुकाने आणि त्यांमागची घरे यांचे मोजमाप हाही उत्तम प्रकल्प होतो. कापड दुकानात ग्राहक रंग पारखण्यासाठी तागा घेऊन दारापर्यंत का येतो? कारण आतल्या दिव्यात रंग खरा दिसत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याला दार आणि सर्वांत आतले कपाट दोन्ही एकाच नजरेत का लागतात? पांढऱ्याशुभ्र गादीवर साडी उलगडताना ग्राहक आणि विक्रेता यांच्यात किती अंतर असावे? ओट्यावर टेकलेला माणूस केव्हा आत येतो आणि केव्हा तसाच पुढे निघून जातो? आजोबांना याची उत्तरे माहीत असतात, पण ती कोणी त्यांना विचारलेली नसतात. जुन्या घरांचे जाड भिंतींचे माळवद आणि मधला चौक उन्हाळ्यात गारवा का देत, हेही घरातील वृद्ध स्त्रिया जितके सांगू शकतील तितके पाठ्यपुस्तक सांगणार नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात स्वयंपाकघराला मावळतीपर्यंत नैसर्गिक उजेड हवा, धान्य निवडण्याची जागा उजेडात हवी, पाणी गाळण्याला ओटा हवा. या गरजा नव्या सदनिकांच्या तयार नकाशांत बहुधा धरलेल्या नसतात. त्या कागदावर आणू शकेल ते त्याच घरातील मूल.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. घराचे दार कोणत्या दिशेला असावे हे सांगणाऱ्या वास्तुशास्त्राची आणि वास्तुकलेच्या पदवीची गल्लत अनेक घरांत होते. वास्तुकलेच्या शिक्षणातही दिशांचा विचार आहे. परंतु तो ऊन, वारा, पाऊस आणि माणसाचा वावर यांवर बेतलेला असतो, आणि प्रत्येक निर्णयाचे कारण ज्युरीसमोर द्यावे लागते.

आश्रय देणाऱ्यांची परंपरा

जैन व्यापारी समाजाचे या विद्येशी नाते नवे नाही. राणकपूरचे चौमुख आदिनाथ मंदिर पंधराव्या शतकात श्रेष्ठी धरणाशाह यांनी उभारले. परंपरा असे सांगते, की त्यांनी अनेक शिल्पींकडून आराखडे मागवले आणि एकही मनास येईना. अखेर देपा नावाच्या शिल्पीचा आराखडा त्यांना पसंत पडला. १४४४ खांबांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या मंदिरात खांबांची एवढी दाटी असूनही मूलनायकाच्या दर्शनाच्या आड खांब येत नाही, असे भाविक सांगतात. आराखडा नाकारण्याची आणि योग्य आराखड्यासाठी थांबण्याची तयारी दात्याकडे असावी लागते, हा त्या कथेचा बोध.

विसाव्या शतकात हीच परंपरा शिक्षणसंस्थांच्या रूपाने पुढे आली. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या एकत्र गुजराती कुटुंबात झाला. मुंबईच्या सर जे. जे. मध्ये वास्तुकला शिकून ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात गेले आणि नंतर अहमदाबादेत स्थिरावले. तेथे १९६२ साली त्यांनी वास्तुकलेची शाळा सुरू केली, ती अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या छत्राखाली. शेठ कस्तुरभाई लालभाई हे या सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्याच अध्यक्षतेच्या काळात शेठ आणंदजी कल्याणजी पेढीने राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांच्या जीर्णोद्धाराची मोठी कामे केली. वास्तुकलेची ती छोटी शाळा आज सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्याच शहरात १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या जडणघडणीत गौतम आणि गिरा साराभाई या बंधू-भगिनींचा मोठा वाटा होता. म्हणजे देशातील स्टुडिओ-शिक्षणाच्या या दोन अग्रगण्य संस्थांच्या पायाशी जैन व्यापारी कुटुंबांचा हात आहे.

दोशी यांनी आपल्या शाळेची इमारतही स्टुडिओच्या कल्पनेनुसारच रचली. उघड्या विटांच्या भिंती, उत्तरेचा स्थिर उजेड घेणारे उंच वर्ग, आणि शिक्षक-विद्यार्थी सहज भेटतील असे मोकळे, सावलीचे मधले भाग. २०१८ साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झ्कर पारितोषिक त्यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. फर्निचरच्या दुकानाचा वारसा त्यांनी चालवला नाही असे म्हणता येईल. त्या वारशातून मिळालेली लाकडाची, मापाची आणि बैठकीची जाण त्यांनी फार मोठ्या गादीवर नेऊन बसवली, असेही म्हणता येईल.

निर्णयापूर्वी काही व्यवहार

व्यापारी कुटुंबाला व्यवहारही कळला पाहिजे. वास्तुकलेच्या पदवीला पाच वर्षे लागतात, आणि बारावीला गणित घेतलेले असावे लागते. वास्तुकला परिषदेची 'नाटा' ही अभियोग्यता परीक्षा किंवा जेईई (मेन) मधील वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. १९७२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज नावापुढे 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. वाणिज्य शाखा घेतलेल्या मुलांना हा रस्ता बंद असला, तरी डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीचा रस्ता खुला आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते, आणि तेथे फर्निचर व अंतर्गत रचना हा स्वतंत्र विषय आहे. अकरावीला शाखा निवडतानाच हा विचार झाला, तर पुढचा पश्चात्ताप टळतो.

पदवीनंतरची पहिली काही वर्षे मिळकत बेताची असते, हेही आधीच जाणून असावे. दुसऱ्यांच्या कार्यालयात काम करीत, बांधकामाच्या जागेवर उन्हात उभे राहत अनुभव जमवावा लागतो. या काळात घराचा आधार असला तर मूल टिकते. ज्या मुलीने पाच वर्षे रात्री जागून ही विद्या मिळवली, तिची विद्या लग्न ठरताच संपली असे दोन्ही घरांनी मानू नये. नकाशा काढण्याचे काम सासरच्या घरातूनही चालू राहू शकते.

समाजानेही आपला वाटा उचलावा. शहरात आणि परिसरात उपाश्रय, स्थानक, धर्मशाळा, मंगल कार्यालये यांची बांधकामे होत राहतात. दान उदारपणे होते, पण आराखडा पुष्कळदा ठेकेदाराच्या जुन्या नकाशावरून उचललेला असतो. बांधकाम सुरू होण्यापूर्वी विश्वस्तांनी समाजातील विद्यार्थ्यांना बोलवावे, त्यांचे नकाशे भिंतीवर लावावेत, आणि साधु-साध्वी, वृद्ध श्राविका, स्वयंपाक करणारे, झाडलोट करणारे या सर्वांच्या गरजा एका बैठकीत त्या नकाशांवर तपासून पाहाव्यात. एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते, ही अनेकांताची शिकवण बांधकामाच्या नकाशालाही लागू पडते. अशा बैठकीला खर्च चहापाण्याचा. त्यात सापडलेली एक चूकही पुढे पाडापाडीचे लाखो रुपये वाचवू शकते.

आणि घरात? घरात एवढे पुरेल, की रात्री दहा वाजता त्या उजेड असलेल्या खोलीच्या दारात आजोबांनी थोडा वेळ थांबावे. वीतभर उंचीच्या त्या विहारधामाचे छप्पर उचलून आत डोकवावे. गुणांबद्दल विचारू नये. "यात महाराजसाहेब बसतील ती जागा कोणती? तिथून झाड दिसतं का, बेटा?" असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच ती जागी असते.